घाट उतरताना ब्रेक कमी का लागतो? डिस्कचा धातू काय करतो?

त्र्यंबकेश्वरहून मोखाडा-जव्हारकडे येताना तोरंगण घाट उतरावा लागतो. उतारावर सतत ब्रेक दाबला की डिस्क तापत जाते. कारची डिस्क बहुधा बीडाची असते. ती उष्णता पटकन पसरवते. बाइकची स्टेनलेस स्टीलची डिस्क सहसा गंजत नाही, पण उष्णता बीडापेक्षा हळू पसरवते. महागड्या स्पोर्ट्स कारची कार्बन-सिरॅमिक डिस्क प्रचंड ताप सोसते.

एकदाच जोरात ब्रेक मारला, तर टायरची पकड महत्त्वाची. डिस्कचा कस लागतो तो लागोपाठच्या ब्रेकमध्ये. पॅड फार तापले की घर्षण घटतं. ब्रेक ऑइल उकळलं तर पेडल खोल जातं. म्हणून उतारावर न्यूट्रल नको. ज्या गिअरमध्ये घाट चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा.