गुडघाभर पाण्यात तहानलेलं भात

वाळवंटातली शेती म्हटली की डोळ्यांपुढे जैसलमेर नाहीतर इस्रायल येतं. दिव्याहून कोपरला जाताना लोकलच्या खिडकीतून दिसणारी खारफुटी कोणाच्या मनातही येत नाही. पण ठाणे, कल्याण, भिवंडीपासून पनवेल-पेणपर्यंतच्या खाडीकाठी आगरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मिठाच्या जमिनीत भात पिकवलं. वाळवंटाशी झुंजणाऱ्या शास्त्रज्ञांनी मुद्दाम येऊन पाहावं, असा हा कारभार.

मे महिन्यातलं वाळवंट

उन्हाळ्यात जमिनीखालचं खारं पाणी वर ओढलं जातं, उन्हाने उडून जातं आणि मीठ तेवढं मागे उरतं. भेगाळलेल्या चिखलावर पांढरा पापुद्रा धरतो. चाखून पाहिलात तर खारटच लागेल. जूनमध्ये पाऊस धो-धो कोसळतो आणि हेच मीठ धुऊन नेतो. म्हणजे दरवर्षी चार महिने शेत, उरलेले महिने जवळजवळ वाळवंट.

पाणी आहे, पण प्यायला नाही

मुळांबाहेरचं पाणी आतल्या रसापेक्षा खारट झालं की ते आत शिरत नाही. रोप गुडघाभर पाण्यात उभं राहून तहानेने करपतं. शिवाय सोडियम आत घुसून पोटॅशियमची जागा बळकावतो, तो त्रास वेगळाच. रोप कोवळं असताना आणि फुलोऱ्यात असताना भात सर्वांत हळवं.

तृणधान्यांतलं नाजूक बाळ

मातीचा खारटपणा तिच्यातून वीज किती सहज वाहते यावरून मोजतात. त्याचं एकक डेसिसायमन प्रति मीटर. भात ३ पर्यंत तग धरतं, त्यापुढे प्रत्येक एककामागे उत्पन्न सुमारे १२ टक्क्यांनी घटतं. गहू ६ पर्यंत निभावतो, जव ८ पर्यंत. समुद्राचं पाणी? साधारण ५०! खाऱ्या वाळवंटात जव लावणं शहाणपणाचं, पण कोकणातल्या माणसाला ताटात भातच हवा.

विजेविना चालणारा दरवाजा

माझ्या मते या खाऱ्या जमिनीचा, म्हणजे खारभूमीचा, खरा नायक बियाणं नाही, उघाडी आहे. खाडीच्या चिखलाचा लांबलचक बांध घालायचा, त्यात एक तोंड ठेवायचं आणि त्या तोंडाला फक्त बाहेरच्या बाजूला उघडणारी झडप बसवायची. भरती आली की खाडीचं पाणीच झडप दाबून बंद करतं. ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी तिला ढकलून उघडतं आणि विरघळलेलं मीठ घेऊन खाडीत निघून जातं. मोटर नाही, डिझेल नाही, पहारेकरीही भरती-ओहोटीच.

शत्रू मात्र दोन. मोठा शत्रू म्हणजे उधाण, आणि छोटा म्हणजे बांधात बिळं करणाऱ्या चिंबोऱ्या. बिळातून पाणी झिरपतं, उधाणात बांधाला खांड पडते आणि शेतात खाडी शिरते. बांध सांभाळायला १९४८ मध्ये मुंबई प्रांतात खारभूमीचा खास कायदा झाला आणि १९७९ मध्ये महाराष्ट्राचा नवा. तरी खांड वेळेत बुजली नाही तर पंचाईत होते. शेतात खारफुटी उगवते, आणि ती तोडायला २००५ पासून मुंबई उच्च न्यायालयाची मनाई. मनाई योग्यच आहे. पण सातबाऱ्यावर शेत आणि प्रत्यक्षात जंगल, अशा मालकाने करायचं काय?

राता

खारातली जुनी वाणं लाल दाण्याची. काळा राता आणि भुरा राता ही त्यांतली नावाजलेली. पेरणीची तऱ्हाही निराळी: बियाणं भिजवून मोड आणायचे आणि ते थेट चिखलात फोकायचं. याला म्हणतात रहू. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं पनवेलला खारभूमी संशोधन केंद्रच आहे. पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ ही खारात टिकणारी वाणं तिथलीच. केरळच्या पोक्कळी भातातला मीठ सोसायला मदत करणारा गुणसूत्राचा तुकडाही शास्त्रज्ञांनी शोधलाय. त्याचं नाव साल्टॉल.

दुबईकरांची अडचण

दुबईत १९९९ पासून खाऱ्या जमिनीतल्या शेतीवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था आहे. चीनचे भातशास्त्रज्ञ युआन लाँगपिंग यांच्या चमूने २०१८ मध्ये दुबईच्या वाळवंटात खारं पाणी सोसणारं भात पिकवून दाखवलं. कौतुक आहेच. पण तिथे मीठ धुवायला लागणारं गोडं पाणी यंत्रातून काढावं लागतं. आपल्याकडे ते काम मृगाचे ढग फुकटात करून जातात.

आणि वर जिताडा

खारेपाटातला, म्हणजे या खाऱ्या पट्ट्यातला, शेतकरी भातावर थांबत नाही. तळ्यात जिताडा सोडतो. या माशाला खारं, मचूळ, गोडं, कुठलंही पाणी चालतं. आणखी गंमत म्हणजे बहुतेक जिताडे नर म्हणून वाढतात आणि काही वर्षांनी मादी होतात. तेव्हा पाहुण्यांसाठी राखून ठेवलेला तो भलामोठा जिताडा बहुधा जिताडीच असते.