लेखक येऊन गेल्यावर

गावातल्या सार्वजनिक वाचनालयात एखादा लेखक येणार असला, की काय काय होतं हे आपल्या सगळ्यांच्या परिचयाचं आहे. दारातल्या फलकावर खडूनं नाव लिहिलं जातं, सभागृहात खुर्च्या मांडल्या जातात. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षीय समारोप, आभारप्रदर्शन. दोन तासांच्या कार्यक्रमात लेखकाच्या वाट्याला कधी कधी पाऊण तासही येत नाही. मग चहा होतो, छायाचित्र निघतं आणि पाहुणे परतीच्या गाडीला लागतात.

एका तालुक्याच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत मी बरीच वर्षं काम करतो आहे. असे कार्यक्रम पुष्कळ पाहिले. कार्यक्रम कसा झाला हे मी टाळ्यांवरून ठरवत नाही. दुसऱ्या दिवशी देवघेवीच्या टेबलापाशी जातो आणि ग्रंथपालांना विचारतो, 'कालच्या पाहुण्यांची किती पुस्तकं बाहेर गेली?' अनेकदा उत्तर मिळतं, 'एकही नाही.'

असं का व्हावं? थोडं मागे जाऊन पाहू. आपल्याकडे वाचनालयांची परंपरा फार जुनी आहे. रत्नागिरीचं वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं, तर आजचं पुणे नगर वाचन मंदिर १८४८चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचं १८९८ मध्ये सुरू झालं. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकारानं पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. त्या काळी छापील मजकूर थोडा आणि महाग होता. वक्ता गावात आला म्हणजे नवा विचार गावात आला, अशी स्थिती होती. व्याख्यानाची चौकट तेव्हापासून आपल्या अंगवळणी पडली आहे.

आज भाषणं घरबसल्या ऐकता येतात. मग लेखकानं आपल्या गावी कशासाठी यायचं? माझं उत्तर असं, की लिहिण्याचं काम प्रत्यक्षात कसं चालतं हे त्याला समोरासमोर विचारता यावं म्हणून. हे प्रकरण तुम्ही कितीदा लिहिलंत? काय गाळलंत? घरच्यांना राग आला नाही का? असे प्रश्न पुस्तक वाचलेला माणूसच विचारू शकतो. म्हणून लेखकाच्या भेटीची तयारी महिना-दीड महिना आधी सुरू व्हायला हवी.

आम्ही ती अशी करतो. लेखकाचं एकच पुस्तक निवडायचं. शाल, श्रीफळ आणि हारतुरे यांचा खर्च वाचवून त्याच्या चार-पाच प्रती घ्यायच्या. त्या सभासदांत फिरवायच्या आणि प्रत्येकानं पुस्तक परत करताना एका चिठ्ठीवर एक प्रश्न लिहून द्यायचा. कार्यक्रमाच्या दिवशी पाहुणे वीस मिनिटं बोलतात, उरलेला वेळ त्या चिठ्ठ्यांचा. लेखकाला विनंती एवढीच, की शक्य असेल तर एखादं खाडाखोड केलेलं हस्तलिखित सोबत आणावं. छापील पानामागे किती काटाकाट असते हे डोळ्यांनी पाहिलं, की लेखनाबद्दलची भीती निम्मी कमी होते.

ही भीती हाच खरा अडसर आहे. लिहिणं हे शिकलेल्यांचं, शहरातल्यांचं काम, अशी समजूत आपल्याकडे घट्ट आहे. ती मोडायची तर भेटीला लेखन कार्यशाळेची जोड हवी. माणसं पंधरा ते वीसच असावीत आणि एका दिवसात सगळं उरकण्यापेक्षा चार रविवार घ्यावेत. कथेची व्याख्या, कवितेचे प्रकार वगैरे फळ्यावर लिहू नये. पहिल्याच तासाला प्रत्येकाच्या हाती कागद द्यावा आणि आपल्या रोजच्या कामातल्या एखाद्या गोष्टीवर दहा ओळी लिहायला सांगाव्यात.

आमच्या एका कार्यशाळेत एसटीतून निवृत्त झालेले वाहक आले होते. त्यांनी लिहिलं होतं, 'खेड्यातलं जीवन साधं आणि सुखी असतं.' मार्गदर्शक लेखिकेनं त्यांना एवढंच विचारलं, 'काका, मुक्कामी गाडी असली की रात्री तुम्ही झोपायचात कुठे?' गृहस्थ क्षणभर गप्प झाले आणि मग बोलतच राहिले. उन्हाळ्यात टपावर, पावसाळ्यात आतल्या बाकावर. तिकिटांच्या पैशांची पिशवी उशाला. कुठल्या गावात कोणाच्या घरून पिठलं-भाकरी यायची. लेखिका म्हणाल्या, 'हेच लिहा.' पुढच्या रविवारी ते सात पानं घेऊन आले. पिठाची गिरणी चालवणाऱ्या एका बाईंनी दगडाला टाकी लावल्यावर पिठाचा पोत कसा बदलतो, ते लिहिलं. ही माहिती आमच्या वाचनालयातल्या एकाही पुस्तकात नव्हती.

लिहिलेलं मोठ्यानं वाचायचं, ही कार्यशाळेची दुसरी पायरी. इथे आमचा एक नियम आहे. ऐकणाऱ्यानं 'छान' किंवा 'आवडलं नाही' असं म्हणायचं नाही. ऐकताना डोळ्यांसमोर काय उभं राहिलं आणि कुठे काहीच दिसलं नाही, तेवढं सांगायचं. त्यामुळे कोणी दुखावत नाही आणि लिहिणाऱ्याला दुरुस्तीची जागा नेमकी कळते.

हे सगळं वाचनालयातच का करायचं? कारण पुढचं पुस्तक तिथे हाताशी असतं. गिरणीवाल्या बाईंना ग्रंथपालांनी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढून दिली. लक्ष्मीबाईंचं शालेय शिक्षण झालेलं नव्हतं. तरी १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेलं त्यांचं आत्मचरित्र मराठीत आजही टिकून आहे. बहिणाबाई चौधरींना तर लिहितावाचता येत नव्हतं. त्यांची गाणी इतरांनी उतरवून ठेवली आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये ती पुस्तकरूपात आली. कोणी लिहून ठेवलं नसतं तर काय गेलं असतं, याचा विचार करून पाहा.

महाराष्ट्रात १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार वाचनालयांना अनुदान मिळतं. ते अपुरं पडतं, हे खरं. पण मी सांगितलेल्या गोष्टींना लागतात ते कागद, पेन्सिली, चहा आणि पाहुण्यांचा प्रवासखर्च. आज अनेक वाचनालयांत स्पर्धा परीक्षांची मुलं दिवसभर अभ्यासिकेत बसतात, पण कपाटांकडे फिरकत नाहीत. सकाळी ज्येष्ठ मंडळी वर्तमानपत्रं चाळून जातात. या दोन्ही पिढ्यांना एका टेबलाभोवती बसवण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी माहीत नाही.

कार्यशाळा संपली, की आम्ही सगळ्यांच्या लेखांचं एक हस्तलिखित बांधून घेतो. त्याला दाखल क्रमांक देऊन ते रीतसर कपाटात ठेवतो. वाहककाकांची सात पानं आता इतर पुस्तकांसारखीच सभासदांना वाचायला मिळतात, आणि ती मागितली जातात. तुमच्या वाचनालयाच्या फलकावर पुढच्या वेळी एखाद्या लेखकाचं नाव दिसलं, तर कार्यक्रम किती वाजता आहे हे जरूर विचारा. पण त्याआधी, त्यांचं कुठलं पुस्तक वाचून यायचं, तेही विचारा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)