काठी उचलण्याआधी

पुणे–सातारा महामार्गावरच्या किकवीत काय किंवा भोर-वेल्ह्याच्या आतल्या वाड्या-वस्त्यांत काय, पावसाळ्यात बिळांत पाणी शिरलं की साप कोरडी जागा शोधत गोठ्यात, सरपणात, पडवीत येतात. कुणीतरी ‘साप!’ म्हणून ओरडतं. एकजण मागे उडी मारतो, दुसरा काठी शोधतो, तिसरा सर्पमित्राला फोन लावतो. प्रत्येकाला त्या सापात वेगळं काही दिसलेलं असतं.

उडी आधी, ओळख नंतर

धोक्याची खबर मेंदूत दोन वाटांनी जाते, असं अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ जोसेफ लेडू यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलं. एक वाट आडवळणाची: नीट पाहून, ताडून मग निर्णय. दुसरी जवळची, पण ढोबळ. लांबट, वेटोळं काही दिसलं की पाय आधी मागे येतो आणि ती दोरी होती हे नंतर कळतं. दोरीला पाहून दचकलो तर फारसं बिघडत नाही. सापाला दोरी समजणं महागात पडतं.

नुसत्या माहितीने ही उडी थांबत नाही. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात चार्ल्स डार्विन जाड काचेजवळ तोंड नेऊन विषारी सापासमोर उभा राहिला. मागे सरायचं नाही, असं त्याने पक्कं ठरवलं होतं. सापाने झेप घेताच तो मागे उडालाच. १८७२च्या पुस्तकात त्याने हे मोकळेपणाने लिहिलं आहे.

कवड्याचा गुन्हा काय?

उडी आवरता आली नाही, तरी पुढची काठी आवरता येते, आणि इथे सवयीची नजर फसवते. कवड्या साप बिनविषारी, पण अंगावर पट्टे, म्हणून विषारी मण्यार समजून मारला जातो. खरं तर कवड्याचे पट्टे मानेजवळ ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचे साधारणपणे उलट: मानेमागे थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे स्पष्ट दिसतात. उंदीर फस्त करणारी धामणही अशीच नाग समजून मारली जाते. घाबरलेल्या माणसाने जवळ जाऊन पट्टे तपासावेत असं मात्र मी मुळीच सुचवणार नाही.

भीती वाटतच नाही तेव्हा

याहून वाईट चूक उलट्या बाजूची. घोणस चावली की आग होते, सूज येते, माणूस धावतो. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दुखतं इतकं कमी, की मुंगी किंवा किडा असेल म्हणून माणूस पुन्हा झोपतो. पुढे पोट दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास अडतो. धोका जाणवलाच नाही, म्हणून दवाखान्याला उशीर होतो.

नजर तयार होते

किकवीहून पुण्याकडे जाताना लागणाऱ्या कात्रजला सर्पमित्र नीलिमकुमार खैरे यांनी १९८६मध्ये सर्पोद्यान उभं केलं. त्याआधी, १९८० साली, ते ७२ विषारी सापांसोबत एका काचेच्या खोलीत ७२ तास राहिले होते. त्यांच्यासारख्या, सापाच्या हालचालीचा अर्थ लावता येणाऱ्या माणसाचा हात काठीकडे जात नाही. सर्पमित्र दचकत नसेल असं नाही. पण हा बिथरलाय की नुसता वाट शोधतोय, हे त्याला पुढच्याच क्षणी दिसतं.

कोणता साप चावला याची ओळख पटावी म्हणून तो मारून दवाखान्यात न्यायचीही गरज नाही. आपल्याकडचं सर्पविषविरोधी इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकत्रच चालतं आणि डॉक्टर लक्षणं पाहून उपचार करतात. चावलेला हात-पाय हलू न देता १०८ ला फोन करावा.