सतरा कार्बनचा हुकूम

१९३१ साली अडॉल्फ बुटेनान्ट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पोलिसांची लघवी गोळा करवली. थोडीथोडकी नव्हे, सुमारे १५,००० लिटर. ती आटवत, गाळत, शुद्ध करत शेवटी हाती काय आलं? १५ मिलिग्रॅम स्फटिक. आमटीत टाकतो त्या चिमूटभर मिठाहूनही कितीतरी कमी. अँड्रोस्टेरॉन हे त्याचं नाव. चार वर्षांनी अॅमस्टरडॅममध्ये अर्न्स्ट लाकूर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वळूंच्या १०० किलो वृषणांतून १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक वेगळं केलं. त्याच वर्षी बुटेनान्टने आणि झुरिकमध्ये लिओपोल्ड रुझिकाने ते कोलेस्टेरॉलपासून प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. १९३९च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे मानकरी हे दोघे. पोलीस सुटले, वळूही सुटले.

एवढा खटाटोप का करावा लागला? कारण शरीर हे द्रव्य फार जपून वापरतं. निरोगी पुरुषाचं शरीर दिवसाकाठी जेमतेम ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार करतं. रक्तातलं त्याचं प्रमाण नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागात मोजतात. एवढ्याशा मात्रेवर आवाज फुटतो, दाढी उगवते, हाडं जाड होतात, दंड भरतात. प्रोटीन पावडर किंवा अंडी हे खाणं झालं. टेस्टोस्टेरॉनसारखं स्टिरॉइड हे खाणं नाही, तो हुकूम आहे. ते पेशीच्या पातळ आवरणातून आत शिरतं, आत वाट पाहणाऱ्या ग्राहक प्रथिनाला चिकटतं, दोघं मिळून थेट केंद्रकात जातात आणि डीएनएवरची काही जनुकं चालू करतात, काही बंद करतात. शरीराच्या कचेरीत सर्वांत आतल्या खोलीपर्यंत ज्याला मुक्तद्वार आहे, असं हे द्रव्य.

या साऱ्या स्टिरॉइड कुटुंबाचा सांगाडा एकच असतो. कार्बनचे सतरा अणू, चार कडी: तीन षटकोनी, एक पंचकोनी. नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या माणसाला याची गंमत सांगणं सोपं आहे. ठाण्याहून येणारी लोकल तुर्भे सोडते, तिथे सांधा बदलतो. एका बाजूला गेली तर सानपाडा आणि वाशी, दुसऱ्या बाजूला गेली तर जुईनगर आणि नेरूळ. गाडी तीच, डबे तेच, उतरणारी माणसं वेगळ्या गावात. शरीरात कोलेस्टेरॉल ही ती गाडी आणि विकरं म्हणजे एन्झाइम्स हे सांधे. सत्तावीस कार्बनच्या कोलेस्टेरॉलची शेपटी छाटली की एकवीस कार्बनचं प्रेग्नेनोलोन उरतं. तिथून एका रुळाने गेलं तर कॉर्टिसॉल, जे ताणाच्या वेळी साखर वाढवतं आणि सूज दाबतं. दुसऱ्या रुळाने एकोणीस कार्बनचं टेस्टोस्टेरॉन. आणि त्यातला आणखी एक कार्बन गळून पहिल्या कड्याची ठेवण बदलली की अठरा कार्बनचं इस्ट्रॅडिऑल, बाईपणाचं मुख्य संप्रेरक. पुरुषपण आणि बाईपण यांच्यात रसायनशास्त्राच्या हिशेबाने एका कार्बनचा आणि मूठभर हायड्रोजनचा फरक! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो.

जिममध्ये ‘बारा आठवड्यांची सायकल मार, बॉडी बघ’ असं सांगितलं जातं तेव्हा हीच गोष्ट सांगायची राहून जाते. सायकल म्हणजे ठरावीक आठवडे स्टिरॉइड घ्यायचं आणि मग थांबायचं. मात्रा शरीराच्या स्वतःच्या उत्पादनाच्या दहा पट, कधी शंभर पटही जाते. आता टेस्टोस्टेरॉनला इस्ट्रॅडिऑलकडे वळवणारं अॅरोमॅटेज हे विकर शरीरात बसलेलंच आहे. माल जास्त आला की ते तोही वळवतं. मग छाती पिळदार करायला निघालेल्या मुलाच्या स्तनाग्रांमागे खरोखरच्या स्तनाची गाठ धरायला लागते. त्यावर काही जण टॅमॉक्सिफेन घेतात. हे औषध मुख्यतः स्तनाच्या कॅन्सरचं आहे! एका सायकलचा दोष झाकायला कॅन्सरची गोळी, हा उपाय सुचवणाऱ्याला मी तरी डॉक्टर म्हणणार नाही.

दुसरी गंमत मेंदूत घडते. मेंदूतला हायपोथॅलॅमस आणि त्याच्या खालची पियुषिका ग्रंथी रक्तातलं टेस्टोस्टेरॉन सतत मोजत असतात. बाहेरून पूर आला की त्या वृषणांना कामावर येऊ नका असं कळवतात. वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात. सायकल संपली तरी हे कामगार लगेच परतत नाहीत. महिनोन्महिने थकवा, उदासी, इच्छा नसणं. मर्दानगीच्या नावाने विकत घेतलेली वस्तू पुरुषाचा स्वतःचा कारखाना बंद पाडते.

आता कॅन्सर. यातला खरा खलनायक इंजेक्शनपेक्षा गोळी आहे, आणि तिची गोष्ट रसायनशास्त्राच्या चतुराईची आहे. टेस्टोस्टेरॉन नुसतं गिळलं तर फारसा उपयोग होत नाही, कारण आतड्यातलं रक्त आधी यकृतात जातं आणि यकृत त्याचा निकाल लावून टाकतं. मग रसायनतज्ज्ञांनी सतराव्या कार्बनवर एक छोटा मिथाइल गट चढवला. यकृताला आता ते तोडता येईना. १९५८ साली सीबा कंपनीने अशा मेथँडिएनोनची गोळी डायनाबॉल या नावाने बाजारात आणली. म्हणजे ही गोळी काम करते ती यकृताला पचत नाही म्हणूनच! साहजिकच झळ सगळ्यात जास्त यकृतालाच बसते. पित्त साचतं, यकृतात रक्ताने भरलेल्या पोकळ्या तयार होतात, गाठी उठतात. त्यातल्या बऱ्याच साध्या असतात, काही कॅन्सरच्या निघतात.

हे कुणी पैलवानांमध्ये शोधलं नाही. फॅन्कोनी अॅनिमिया नावाच्या दुर्मिळ आजारात मुलांची अस्थिमज्जा रक्त बनवेनाशी होते. त्यांना अशीच स्टिरॉइडं औषध म्हणून दीर्घकाळ दिली जात होती आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला डॉक्टरांना त्यांच्यापैकी काहींच्या यकृतात गाठी दिसू लागल्या. विलक्षण भाग पुढे आहे. औषध थांबवल्यावर काही गाठी आपोआप लहान झाल्या. हुकूम थांबला, गाठ वितळली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने अॅनाबॉलिक, म्हणजे स्नायू वाढवणाऱ्या, स्टिरॉइडांना ‘२ए’ गटात ठेवलं आहे, म्हणजे माणसात बहुधा कॅन्सर करणारी. याच गटात मटणासारखं तांबडं मांसही आहे, हे सांगून जिममधला एखादा जाणकार वाद जिंकायला बघतो. तर हा गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते सांगत नाही. आणि प्रामाणिकपणे दुसरी बाजूही मांडायला हवी. स्टिरॉइड घेणाऱ्यांत यकृताचा कॅन्सर क्वचित होतो. जीव जास्त जातात ते हृदयाने. चांगलं कोलेस्टेरॉल कोसळतं, रक्त घट्ट होतं, हृदयाची भिंत जाड होते. डेन्मार्कमध्ये जिममधल्या तपासणीत स्टिरॉइड सापडलेल्या ११८९ पुरुषांचा माग घेतला गेला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की इतरांच्या तुलनेत त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जवळपास तिप्पट होतं.

महाराष्ट्राला मेथँडिएनोनचं नाव २०१६ साली पाठ झालं. लागोपाठ तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर सोनीपतच्या शिबिरात या द्रव्यासाठी दोषी आढळला. आपल्याविरुद्ध कट झाल्याचं त्याचं म्हणणं होतं. देशातल्या उत्तेजकविरोधी संस्थेने ते मान्य करून त्याला मोकळं केलं, पण क्रीडा लवादाने १८ ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी घातली. कटाचा वाद बाजूला ठेवला तरी एक गोष्ट थक्क करते. लघवीतून शोधलेलं कुटुंब शेवटी लघवीतच पकडलं जातं. गोळी बंद झाल्यावर कित्येक आठवड्यांनीही तिचे तुकडे तिथे सापडतात.

प्रयोगशाळेला सापडतं ते अंगाला मात्र कळत नाही. यकृताच्या आतल्या मांसाला वेदनेचे तंतूच नाहीत. दुखतं ते बाहेरचं पातळ आवरण, आणि तेही ताणलं गेलं तरच. त्यामुळे आरशात छाती, दंड, पोटावरचे कट्स सगळं झकास दिसत असताना उजव्या बरगडीखाली गाठ शांतपणे वाढू शकते. रक्ततपासणीतही एक चकवा आहे. यकृताच्या तपासणीतले एसजीओटी आणि एसजीपीटी वाढलेले दिसले की ‘हेवी लेग डे होता, त्याचं आहे’ म्हणून जिममधले ते उडवून लावतात. ते पूर्ण खोटंही नाही, कारण हे दोन्ही घटक स्नायूंतूनही येतात. पण त्याच तपासणीतला जीजीटी हा घटक स्नायूंतून येत नाही. तो वाढला असेल तर बोट यकृताकडेच वळतं.

कॉर्टिसॉलच्या रुळावरची स्टिरॉइडं, म्हणजे त्याची भावंडं, वेगळीच जादू करतात. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या २९ वर्षांच्या एका बाईला कॉर्टिसोनचं इंजेक्शन दिलं. आठवड्याभरात ती बाजारात खरेदीला गेली. दोन वर्षांत नोबेल आलं. त्याहून अजब म्हणजे ही औषधं काही कॅन्सरवर थेट चालतात. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये पहिल्या टप्प्यातच प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन देतात, कारण बिघडलेल्या लिंफोसाइट पेशींना ते मरून जाण्याचा हुकूम देतं आणि त्या तो पाळतात. एक सांधा बदलला तर गाठ उठवण्याचा धोका, दुसरा बदलला तर कॅन्सरची पेशी मारणारं औषध.

२०२० साली ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोनने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी केले. आपल्या वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात खाटा मांडल्या होत्या, तो हा काळ. पुढच्याच वर्षी, स्टिरॉइडचा अतिरेक आणि अनियंत्रित मधुमेह जमून आला तिथे महाराष्ट्राने काळ्या बुरशीचं थैमान पाहिलं. शंका औषधाबद्दल नव्हती. मात्रा, वेळ आणि देणारा हात यांच्याबद्दल होती.

या दुसऱ्या कुळाचा मोठा धोका हा की ते इशारेच पुसून टाकतं. मुंबईच्या दमट हवेत आणि लोकलच्या गर्दीत जांघेत नायटा येतो. औषधाच्या दुकानातून ‘लगेच आराम’ देणारी ट्यूब आणली जाते, तिच्यात जोरदार स्टिरॉइड असतं. खाज आणि लाली दोन दिवसांत गायब, बुरशी मात्र पसरत राहते आणि तिचं रूप इतकं बदलतं की त्वचारोगतज्ज्ञही पहिल्या नजरेत चकतात. म्हणूनच २०१८ साली सरकारने अशी चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. त्वचेचं हे झालं, मानेतल्या गाठीचं प्रकरण याहून गंभीर आहे. ती क्षयाची असू शकते, लिंफोमाची असू शकते. कुणी प्रेडनिसोलोन दिलं तर लिंफोमाची गाठ काही दिवसांत आकसते, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि नंतर बायोप्सी केली तर तुकड्यात निदान करण्याजोगं काही सापडेलच असं नाही. क्षयाची असेल तर रोगाला मोकळं रान मिळतं. गाठीचा तुकडा तपासण्याआधी स्टिरॉइड नको, हा नियम त्यातून आला.

मग अंगावर काय दिसलं तर थांबायचं? कावीळ दिसण्याआधी अनेकदा अंगभर खाज सुटते. लघवी गडद होते, शौचाचा रंग फिका पडतो. उजव्या बरगडीखाली जडपणा, कारण नसताना घटणारं वजन, पायावर सूज, जिना चढताना पूर्वी न लागणारा दम आता लागणं, पुरुषाच्या छातीत किंवा वृषणात लागणारी गाठ. स्टिरॉइडशी संबंध नसला तरी तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातला व्रण, बसलेला आवाज, थुंकीत, लघवीत किंवा शौचात रक्त. यातलं बहुतेक कॅन्सरचं निघत नाही. पण ते ठरवायचं काम ट्रेनरचं नाही आणि मेडिकलवाल्याचंही नाही.

सानपाड्याहून पनवेल लोकल धरली की पाच स्टेशनांवर खारघर. तिथे टाटा मेमोरियल केंद्राचंच अॅक्ट्रेक आहे, कॅन्सरचे उपचार आणि संशोधन एकाच आवारात. अर्थात पहिली पायरी आपल्या गल्लीतल्या डॉक्टरचीच. त्यांच्याकडे जाताना घेतलेल्या गोळ्या, कुप्या, मलमाच्या ट्यूब, जिममधले बिननावाचे डबे, सगळं पिशवीत घालून न्या आणि किती आठवडे घेतलं ते खरं सांगा. पोलिसांत कळवतील अशी भीती नको, ते तुमचे डॉक्टर आहेत. आणि ज्यांना दमा, संधिवात किंवा दुसऱ्या आजारासाठी डॉक्टरांनीच स्टिरॉइड दिलं आहे त्यांनी हे वाचून घाबरून गोळी एकदम सोडू नये. बरेच दिवस बाहेरून कॉर्टिसॉलचं काम होत असेल तर मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी झोपी गेलेल्या असतात. त्यांना जागं व्हायला वेळ लागतो, म्हणून ती गोळी डॉक्टरांना विचारून हळूहळूच कमी करतात. एकदम बंद केल्यास रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं.