संगणकप्रणालीच्या रचनाकाराचे संस्थेतील कार्य

ज्यास व्यवहारात सॉफ्टवेअर आर्किटेक्ट म्हणतात, त्या प्रणाली-रचनाकाराचे काम आकृत्या काढण्यापुरते आहे, असा समज आढळतो. वस्तुतः जे निर्णय मागाहून बदलणे अतिशय खर्चाचे ठरते, ते वेळीच घेणे व त्यांची परस्परसंगती राखणे, हे त्याचे मुख्य कार्य होय. असे निर्णय बहुधा दोन कार्यालयांच्या सीमेवर उभे राहतात. महाराष्ट्रातील जमीनविषयक अभिलेख हे ह्याचे बोलके उदाहरण आहे.

रायगड जिल्ह्यातील दिवेआगर हे गाव शके ९८२ (इ. स. १०६०) मधील मराठी ताम्रपटामुळे अभ्यासकांस परिचित आहे. तांब्यावर कोरलेला मजकूर एका जागी स्थिर राहतो. त्याच गावातील सुपारीची वाडी आज विकली गेली, तर तिची माहिती मात्र तीन ठिकाणी विभागलेली असते. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदले जाते, मालकी हक्काची नोंद महसूल खात्याच्या सातबाऱ्यावर असते आणि मोजणीचा नकाशा भूमि अभिलेख कार्यालयात असतो.

महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ नुसार खताची वर्दी महसूल यंत्रणेकडे जाते, हितसंबंधितांस नोटीस देऊन हरकतींसाठी १५ दिवसांची मुदत ठेवली जाते आणि त्यानंतर सक्षम अधिकारी फेरफार प्रमाणित करतो. तोवर खत झालेले असूनही सातबाऱ्यावर विक्रेत्याचेच नाव राहते. ही वर्दी आता संगणकाद्वारे जाते. मग खत नोंदताच नाव आपोआप का बदलू नये? तसे केल्यास काम जलद होईल, परंतु हरकत घेण्याचा हक्क बुडेल. उलट, मधला काळ प्रणालीने दाखविलाच नाही, तर तीच वाडी दुसऱ्या एखाद्या अजाण माणसास विकली जाण्याचा धोका राहील. म्हणून सातबाऱ्यावर ‘प्रलंबित फेरफार’ दर्शविण्याची सोय महत्त्वाची ठरते. दिसावयास ती एक ओळ आहे. परंतु कोणती माहिती कोणाच्या अधिकारातील, ती केव्हा पक्की होते व तोवर इतरांस काय दिसावे, ह्या तीन प्रश्नांचे उत्तर तीत सामावले आहे.

संस्थेतील संपर्कव्यवस्थेची प्रतिकृतीच तिच्या प्रणालीत उतरते, असे मेल्विन कॉनवे ह्यांनी १९६८ मध्ये प्रतिपादिले. फ्रेडरिक ब्रुक्स ह्यांनी १९७५ मध्ये संकल्पनेच्या एकसंधतेवर भर दिला व ती राखण्याचे उत्तरदायित्व एका किंवा मोजक्या व्यक्तींकडे असावे, असे सुचविले. दोन्ही विधाने एकत्र वाचली म्हणजे रचनाकाराचे स्थान स्पष्ट होते. आज्ञावली लिहिणारा आपल्या भागाचा आणि प्रकल्प-व्यवस्थापक वेळ व पैसा ह्यांचा विचार करतो; भागांमधील सांध्यांची जबाबदारी रचनाकारावर येते.

मात्र ती जबाबदारी अधिकाराविना पार पडत नाही. रचनाकार कायदा बदलू शकत नाही, की दोन कार्यालयांतील वाद स्वतः मिटवू शकत नाही. तो वाद नेमक्या शब्दांत, पर्यायांसह व प्रत्येक पर्यायाच्या परिणामांसह निर्णयाधिकाऱ्यापुढे ठेवणे, हे मात्र त्याच्या हाती असते. जी संस्था त्याला ह्या चर्चेत आरंभापासून स्थान देत नाही, तिच्यातील न सुटलेले वाद प्रणालीत जसेच्या तसे उतरतात आणि त्यांची किंमत अखेर वाडी विकत घेणाऱ्यास मोजावी लागते.