सोन्यात चांदी कशी लपते?

सुगी झाली, माल विकला, की हाती चार पैसे येतात आणि त्यातून गुंजभर सोने करावे असे घरच्या लक्ष्मीला वाटते. सोन्यात चांदी जास्त मिसळली, तर दागिना कापूनही ती वेगळी का दिसत नाही, हे आज पाहू.

प्रत्येक धातू अतिशय बारीक अणूंचा बनलेला असतो. टोपलीत लिंबे रचावीत तसे हे अणू ओळीने बसतात. तांबे, चांदी आणि सोने ही एकाच कुळातली भावंडे. शास्त्रज्ञ त्यांना संक्रमणी धातूंत धरतात. एक सेंटीमीटरच्या रांगेत तांब्याचे सुमारे ३ कोटी ९० लाख अणू बसतात. चांदीचा अणू मोठा. त्याचे साडेतीन कोटीच मावतात. या हिशेबाने सोन्याचा अणू आणखी मोठा हवा. पण तेही साडेतीन कोटीच बसतात!

याचे एक मोठे कारण असे. चांदीनंतर सोने येईपर्यंत वाटेत चौदा मूलद्रव्यांची जादा रांग लागते. या रांगेत अणूच्या गाभ्याची ओढ वाढत जाते, पण नव्याने भर पडणारे इलेक्ट्रॉन ती ओढ पुरती अडवत नाहीत. त्यामुळे बाहेरची कवचे आत ओढली जातात.

म्हणून चांदीचा अणू सोन्याच्या जागी बेमालूम बसतो. लिंबू दुसऱ्या झाडाचे, पण माप तेच! तांब्याचा अणू लहान असल्याने ओळी वेड्यावाकड्या होतात, त्या सहज घसरत नाहीत आणि दागिना कडक होतो. चांदीने फिका पडलेला रंगही तांब्याच्या लालीने सावरतो.

वजन मात्र लपत नाही. एक घनसेंटीमीटर सोने १९.३ ग्रॅम भरते, चांदी १०.५ ग्रॅम. म्हणजे भेसळीचा दागिना तेवढ्याच वजनाला जास्त जागा व्यापतो. पण खडे आणि पोकळ मणी असले, की घरी हे मोजणे अवघड.

तेव्हा दागिना घेताना हॉलमार्क पाहा. २२ कॅरटवर ९१६ हा आकडा असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्याला सहा अक्षर-अंकांचा क्रमांकही लागतो. मोबाइलवरील 'बीआयएस केअर'मध्ये तो तपासा आणि पक्की पावती घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.