जबलपूर : सत्तांतरे आणि एक नाव

जबलपूरच्या परिसरात राज्यकर्ते बदलले, तशी सत्तेची स्थानेही बदलत गेली. कलचुरींची राजधानी त्रिपुरी ही आज तेवर नावाचे गाव आहे. पुढे जवळच्याच गढा येथे गोंड राज्य उदयास आले. त्या राज्याची राणी दुर्गावती १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढताना धारातीर्थी पडली. राज्य मात्र क्षीण होत का होईना, टिकून राहिले. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी ते जिंकले. १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे, तर १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि जबलपूरला छावणी उभी राहिली.

गोंड राजवंशाकडे आता राज्य नव्हते, सैन्यही नव्हते. उरले होते केवळ नाव. परंतु लोकांच्या मनातील या नावाचेही इंग्रजांना भय वाटले. वृद्ध शंकरशाह यांच्या घरी इंग्रजांचा संहार कर, अशी देवीला विनविणारी प्रार्थना सापडली. १८ सप्टेंबर १८५७ रोजी त्यांना व पुत्र रघुनाथशाह यांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. या शिक्षेने दरारा बसेल, अशी अपेक्षा होती. त्याच रात्री ५२व्या देशी पलटणीने बंड करून छावणी सोडली.